दोन हजार बारातला डबा

द्वारका, नाशिक
६ जानेवारी २०२५

सोमनाथ,

सलाम. पत्र पाहून तुला वाटेल, नजीर गेला आणि मागे राहिलेल्यांनी कळवलंय. तसं काही नाही. मी ठणठणीत आहे, फक्त कान गेलेत.

हे वाक्य मी पहिल्यांदाच लिहितोय आणि तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. जन्मभर हेडफोन लावून हातगाड्यांच्या आणि प्रचाराच्या रिक्षांच्या जाहिराती रेकॉर्ड केल्या, त्याचं हे फळ. फोन कानाला लावला की आत माशी अडकल्यासारखं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅप तुझ्या नसीमवहिनीच्या फोनवर आहे आणि ती सगळं वाचते. म्हणून हा कागद बहिरूच्या पिकअपबरोबर पाठवतोय. कांदा खाली करून देवळ्याला परत निघताना तो माझ्याकडे चहाला थांबतो, तेवढी सोय आहे.

आता मुद्दा. माझ्या स्टुडिओतला निळा डबा तुला आठवत असेल. माइकची तार त्यात जाते, त्यातून आवाज संगणकात जातो, आणि हेडफोनही त्यालाच लागतो. ह्या डब्याचं बटण पूर्ण फिरवलं की मला माणसाचा आवाज ऐकू येतो, त्याने घेतलेला श्वाससुद्धा. दुसऱ्या कशातूनही येत नाही. गिऱ्हाईक माइकपुढे बसतं, मी हेडफोन लावतो आणि कोणाला शंका येत नाही. असाच धंदा चालू होता.

दिवाळीनंतर जुना संगणक मेला. फरहानने पुण्याहून नवा पाठवला, पाटीसारखा चपटा. त्याला भोकं दोनच, आणि माझ्या डब्याची तार दोन्हींत जात नाही. आणि संगणकाशी जोडल्याशिवाय डबा हूं की चूं करत नाही. खोक्यात फरहानची चिठ्ठी होती. जुना डबा भंगारात द्या म्हणतो. ईदला मी येतो, तोवर ह्या संगणकावर काम सुरू झालेलं नसेल तर स्टुडिओला कुलूप घाला आणि दोघंही पुण्याला चला म्हणतो. कानांचं कळलं तर पोरगा ईदचीही वाट बघायचा नाही. तिथे अकराव्या मजल्यावर मी दिवसभर भिंतीकडे बघत बसेन. मला जायचं नाही, सोमनाथ.

तू एकलहऱ्याच्या वीज केंद्रात आयुष्यभर विजेत हात घातलास. काही सुचतं का बघ.

तुझा
नजीर


देवळा
११ जानेवारी २०२५

नजीर,

रामराम. कान गेले तर गेले, असंही माझं तू कधी ऐकत नव्हतास.

तुझा रोग मला कळला. अर्थिंग. एकलहऱ्याच्या नोकरीत मी पाहिलेले निम्मे बिघाड अर्थिंगचे होते, आणि उरलेले निम्मे साहेबांना अर्थिंग समजत नसल्यामुळे झालेले. तुमच्या मागच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा असेल, वर पत्र्याचं झाकण असतं. त्यात जाडं मीठ घाल आणि बादलीभर पाणी ओत. भोकात तार जात नाही म्हणतोस, ते नंतर बघू. आधी पाया.

आणि कानाचं मशीन का बसवत नाहीस, तेही कळव.

स्टुडिओ सोडू नकोस. तू पुण्याला गेलास तर नाशिकला आल्यावर मी कोणाकडे पाय पसरायचे?

सोमनाथ


द्वारका, नाशिक
२ फेब्रुवारी २०२५

सोमनाथ,

मीठ घातलं. भरपूर घातलं. नंतर कळलं की मी ज्याला खड्डा समजलो ते नसीमच्या कढीपत्त्याचं आळं होतं, आणि झाकण तिच्या मोडक्या पिंपाचं. कढीपत्ता तिसऱ्या दिवशी माना टाकून बसला. नसीम हळहळली, तिच्याबरोबर मीही हळहळलो. संगणकावर मात्र काही परिणाम नाही.

कानाच्या मशीनचं विचारतोस. हात थरथरणाऱ्या न्हाव्यापुढे तू गळा देशील का? मग कानात मशीन घातलेल्या रेकॉर्डिंगवाल्याकडे कोण येईल?

पण आनंदाची बातमी आहे. इथे कोपऱ्यावर मल्हारी म्हणून संगणक दुरुस्त करणारा आहे. त्याला म्हटलं, बाबा, मला तोंडी सांगू नकोस, माझ्या लक्षात राहत नाही, लिहून दे. त्याने एकापुढे एक तीन जोड लावले. डब्याची तार पहिल्यात, पहिला दुसऱ्यात, दुसरा तिसऱ्यात आणि तिसरा संगणकात. जुन्या काळी स्थळं जुळायची तसंच आहे, मुलाकडचे मावशीला ओळखतात, मावशी मामाला आणि मामा मुलीकडच्यांना. तरीही संगणक डब्याला ओळख देईना. मल्हारीने रात्रभर इंटरनेटवर शोधलं आणि सकाळी कागदावर लिहून आणलं: ह्या डब्याचं सॉफ्टवेअर दोन हजार तेरापासून बंद आहे, म्हणून नवा संगणक ते घेत नाही. संगणकाचं साल मागे नेलं तर चालेल.

मग त्याने तारीख दोन हजार बारावर नेली. डब्यावरचा दिवा हिरवा झाला. मी हेडफोन लावला आणि पहिला आवाज ऐकला तो मल्हारीच्या सुपारी चघळण्याचा. मला इतकं बरं वाटलं की मी त्याला म्हटलं, अजून थोडी चघळ.

त्याने एकच अट घातलीय, इंटरनेट जोडायचं नाही. जोडलं की संगणकाला खरी तारीख कळते आणि डबा बंद.

संध्याकाळी नसीमला माइकपुढे बसवलं. म्हटलं, चाचणी आहे, काहीतरी बोल. ती म्हणाली, काय बोलू? काहीही, म्हटलं. मग ती दूधवाल्याचं बोलली, तिच्या बहिणीचं बोलली, कढीपत्त्याचं तर पुष्कळच बोलली. तिचा आवाज मी वर्षभर नीट ऐकला नव्हता. मला रडू आलं, पण हेडफोनची तार सारखी करायच्या निमित्ताने मी खाली वाकलो. आता रोज संध्याकाळी चाचणी असते.

तुझा
नजीर


देवळा
८ फेब्रुवारी २०२५

नजीर,

वाचून बरं वाटलं, पण काळजीही वाटली. नुसतं इंटरनेट बंद ठेवून भागायचं नाही. माझी नात सांगते, नव्या संगणकाला स्वतःचा माइक असतो आणि वर कॅमेराही असतो. म्हणजे तो ऐकतो आणि बघतो. कोणीतरी त्याच्यासमोर सहज बोलून जाईल, दोन हजार पंचवीस, आणि कारभार आटोपला.

आमच्या पाळीत कंट्रोल रूममध्ये एक रीत होती. 'आज सगळं सुरळीत चाललंय' असं तिथे कोणी म्हणायचं नाही. एकदा एक नवा पोऱ्या म्हणाला, तर संध्याकाळच्या आत संच बंद पडला. तेव्हापासून मशीनसमोर आम्ही जिभेला लगाम घालायचो. निवृत्तीच्या दिवशी माझ्या सत्काराचं भाषणही बाहेर पॅसेजमध्ये झालं.

तू तसंच कर. स्टुडिओत चालू सालातली कुठलीही गोष्ट निघू देऊ नकोस. बोलण्यात नाही आणि भिंतीवरही नाही.

सोमनाथ


द्वारका, नाशिक
१६ फेब्रुवारी २०१२

सोमनाथ,

तारीख पाहून दचकू नकोस. स्टुडिओत बसून लिहितोय आणि कॅमेऱ्याला कागद दिसतो.

तुझं अक्षरशः पाळलं. रद्दीवाल्याकडून दोन हजार बाराचं कॅलेंडर मिळवून भिंतीवर टांगलं. गिऱ्हाइकांचे फोन बाहेर स्टुलावरच्या पातेल्यात ठेवायला लावतो. तुमच्याकडे आज रविवार, पण इथे गुरुवार आहे, म्हणून दुकान उघडं ठेवलंय. नसीमने विचारलं, हे काय? म्हटलं, नवी पद्धत आहे. तिने पातेलं तेवढं बदललं, म्हणाली ते डाळीचं आहे.

एक नगरसेवकपदाचा उमेदवार आला होता. चालू पक्षाचं नाव घ्यायला मी मनाई केली, कारण दोन हजार बारा साली तो दुसऱ्या पक्षात होता. त्याने थोडा विचार केला आणि म्हणाला, "चालतंय की चाचा, निवडणुकीपर्यंत तिकडेच गेलेलो असेन."

भिका हातगाडीवाल्याने थोडी कटकट केली. त्याला कांद्याची जाहिरात हवी होती. आजचा भाव माइकसमोर कसा बोलू देणार? मी त्याला तेव्हाचा बोलायला लावला, 'कांदे घ्या कांदे, दहाला किलो'. तो म्हणाला, "चाचा, लोक मला मारतील." म्हटलं, आधी लोक येऊ देत, मग खरा भाव तू हळूच सांग. गाडी घेऊन गेलाय चौकात.

संध्याकाळची चाचणी चालू आहे. नसीमला एवढं बोलता येतं हे मला ठाऊक नव्हतं.

तुझा
नजीर


देवळा
२४ फेब्रुवारी, सालाचं तू बघ

नजीर,

आज फार तापलोय. रांगडा कांदा काढला, ट्रॉली भरली, बाजारात नेली. लिलाव चांगला चढत होता. तेवढ्यात एका व्यापाऱ्याच्या फोनवर कोणीतरी चित्रफीत पाठवली. नाशिकला द्वारकेच्या चौकात हातगाडी उभी, भोंग्यावर दहाला किलो कांदा, आणि बायकांची ही झुंबड, गाड्या अडकलेल्या, पोलीस शिट्ट्या मारतोय. झालं. व्यापारी म्हणाला, "नासिकले दहाले किलो चालू शे, मंग आम्ही जास्ती काबर देऊत?" सगळ्यांनी बोली खाली आणली. मी ट्रॉली परत घरी आणलीय.

तू तिथेच राहतोस. त्या भोंग्यात कोण बोललंय ते शोधून काढ, आणि त्याच्यामागे ज्याचं डोकं आहे त्याचं नाव मला कळव. त्याच्या तंगड्या मी स्वतः मोडणार आहे.

सोमनाथ


द्वारका, नाशिक
२९ फेब्रुवारी २०१२

सोमनाथ,

ही तारीख ह्या वर्षी तुमच्याकडे नाही, आमच्याकडे आहे. तुमचा मार्च लागला. आता आम्ही तुमच्यापेक्षा एक दिवस मागे चालतोय.

मी शोध घेतला. ज्याचं डोकं आहे तो वयस्कर माणूस आहे, सभ्य आहे, तंगड्या आधीच दुखतात. आणि ज्याने त्याला ही युक्ती शिकवली तो निवृत्त वीज कर्मचारी आहे, देवळ्याला राहतो, त्याच्या निरोप समारंभाचं भाषण पॅसेजमध्ये झालं होतं. आता कोणाच्या तंगड्या आधी मोडायच्या ते तूच ठरव.

भिकाची जाहिरात मी बदलली. आता तो भाव सांगतच नाही, नुसता 'कांदे, कांदे' म्हणून गातो. ट्रॉलीबद्दल मला फार वाईट वाटतंय, सोमनाथ. रांगडा कांदा साठवून टिकत नाही हे मलाही कळतं. बहिरूला सांगून तुझा माल थेट इकडे पाठव. भिका आणि त्याचे भाऊबंद उचलतील, मी बोललोय त्यांच्याशी.

उद्यापासून रमजान. संगणकाच्या लेखी रमजान जुलैत आहे, म्हणून रोजा त्याच्यापासून लपवावा लागणार. इफ्तार मागच्या अंगणात करू आणि चाचणी त्यानंतर. ईदला फरहान येतोय. सगळं सुरळीत... जाऊ दे, लिहीत नाही.

तुझा
नजीर


देवळा
९ मार्च

नजीर,

माल पोचला, भिकाच्या लोकांनी उचलला, व्यापाऱ्यापेक्षा बरा भाव दिला. तंगड्यांचा विषय मी मागे घेतो, दोन्हीकडच्या.

फरहान आला की त्याच्याकडे तोंड करून बस. ओठ हलताना दिसले की तू 'बघू' म्हण. घरच्या माणसांच्या बहुतेक प्रश्नांना ते उत्तर चालतं, मी बघितलंय.

सोमनाथ


द्वारका, नाशिक
१ एप्रिल २०१२

सोमनाथ,

ईद मुबारक. आपण जिंकलो.

ऐक काय झालं ते. ईदच्या सकाळी मी नमाजहून आलो तर फरहान स्टुडिओत. पोरगा प्रेमानेच करायला गेला, पण त्याने संगणकाला आपल्या फोनवरून इंटरनेट जोडलं. एका क्षणात तेरा वर्षं उडाली. डब्याचा दिवा लाल झाला. फरहान माझ्याकडे तोंड करून काहीतरी विचारत होता. मी 'बघू' म्हटलं. तो आणखी काहीतरी म्हणाला. मी पुन्हा 'बघू' म्हटलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

आता काहीतरी करणं भाग होतं. मी रुबाबात खुर्चीत बसलो, हेडफोन चढवला, नसीमला खूण केली, बस, चाचणी आहे. डबा मेलेला. हेडफोनमध्ये नुसता अंधार. पण दाराशी उभ्या असलेल्या फरहानला ते कसं कळणार? नसीम बोलायला लागली. कढीपत्त्याचंच असावं. मी बरोबर जागी मान हलवली, मधेच बटण थोडं फिरवलं आणि म्हणालो, एकदम साफ. फरहान माझ्याकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. बापाचा हात अजून चालतो, हे पोराला पहिल्यांदाच दिसलं असावं.

नंतर तो स्वतः मल्हारीला घेऊन आला आणि दोघांनी मिळून साल मागे नेलं. संध्याकाळी फरहान स्वतःहून माइकपुढे बसला. त्याचा आवाज भारी झालाय, माझ्या अब्बांसारखा. म्हणाला, अब्बा, पुण्याचं राहू द्या, तुमचं इथे चांगलं चाललंय. मी म्हटलं, बघू.

त्याला कशाचा पत्ता नाही. नसीमला तर नाहीच.

तुझा
नजीर


द्वारका, नाशिक
२ एप्रिल २०२५

सोमनाथभाऊंना नसीमचा सलाम.

हे पत्र स्वयंपाकघरात बसून लिहितेय, म्हणून तारीख खरी घातलीय. ह्यांचं पाकीट घेऊन बहिरू चहाला बसलाय, त्याच्याबरोबर हेही देते. ह्यांना कळू देऊ नका. तुमच्या उत्तरात एवढंच लिहा की फरहानला काही कळलं नाही, फार छान झालं. ते त्यांना वाचायला आवडेल.

तुमची पत्रं मी उघडलेली नाहीत. गरजच पडली नाही. हा माणूस पूर्वी कुकरची शिट्टी ऐकून सांगायचा की रबर बदलायला झालंय. मागच्या वर्षी कुकर करपून धूर झाला तरी शेजारी बसून पेपर वाचत होता. तेव्हाच मला कळलं. गिऱ्हाइकांना मी दारातच सांगायची, माइकपुढे बसल्याशिवाय बोलू नका, त्यांना आवडत नाही. कढीपत्त्यात मीठ कोणी घातलं, तेही मला कळलंय. त्याचं नाव मी घेत नाही, तुम्हाला वाईट वाटेल.

मला सांगून टाकायचं होतं. पण मग चाचणी सुरू झाली. रोज संध्याकाळी हे कान देऊन बसायचे आणि मी बोलायची. आमच्या लग्नाला छत्तीस वर्षं झाली भाऊ, माझं बोलणं ह्यांनी असं कधी ऐकलं नव्हतं. पूर्वी ह्यांना जगातले सगळे आवाज ऐकू यायचे, त्यात माझा एक असायचा. आता फक्त माझा येतो. मी स्वार्थी झाले. गप्प बसले.

ईदला काय झालं ते त्यांनी लिहिलंच असेल. फरहान विचारत होता, "अब्बा, शीरखुर्मा आणू का?" आणि हे म्हणाले, बघू. मग त्याने विचारलं, "तुम्हाला ऐकू येतंय ना?" त्यालाही बघू. फरहानने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यात ह्यांनी मला खूण केली.

मी माइकपुढे बसले. दिवा लाल होता. ह्यांच्या कानात काहीच जात नव्हतं, आणि तरी त्यांनी बटण फिरवलं आणि माझ्याकडे असे बघत राहिले, जसे रोज बघतात. मला खोटं काही बोलवेना. म्हटलं, "तुम्हाला ऐकू येत नाही, हे मला वर्षभरापासून ठाऊक आहे. मी कुठेही आले असते तुमच्याबरोबर. पण तिथे गेल्यावर तुम्ही माझ्यासमोर बसणार नाही, भिंतीसमोर बसाल, आणि मी पुन्हा गप्प होईन. पुण्याला जायचं नसेल तर मान हलवा."

ह्यांनी मान हलवली.

फरहान दाराशी रडत होता. हळू आवाजात म्हणाला, "अम्मी, कानाच्या डॉक्टरकडे येतील का, विचार." मी विचारलं. ह्यांनी ऐटीत परत मान हलवली. म्हणून येत्या शनिवारी आम्ही जातोय, आणि कशाला जातोय ते ह्यांना अजून माहीत नाही.

मग मी म्हटलं, "आणि मशीन बसलं तरी संध्याकाळी माझ्यासमोर असेच बसाल ना?"

ह्यांनी डोळे मिटले, हेडफोनवर हात दाबला आणि म्हणाले, "एकदम साफ. थांबू नकोस, बोलत राहा."

तुमची वहिनी
नसीम